जेरूशाताईंनी न दिलेली कबुली

जेरूशाताई नाटकगृहात गेल्या होत्या, एवढं आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे. का गेल्या, आत काय झालं, आणि त्यानंतर सात महिने त्यांना उपासनेच्या वेळी बाकावर का बसवून ठेवलं, याबद्दल मात्र प्रत्येकीची गोष्ट वेगळी. परवा एकीने मला सांगितलं की त्यांनी तिथे एका माणसाला झाडूने बडवलं. झाडू गाडीत होते. मी त्यांच्याबरोबर होते, म्हणून जे झालं ते सांगते.

बाहेरचे लोक आम्हाला शेकर म्हणतात, म्हणजे हलणारे, कारण उपासनेत आम्ही ओळीने पावलं टाकत, हात हलवत गातो. आम्ही स्वतःला विश्वासणारे म्हणतो. आमच्यात लग्न नाही, कुणाची वेगळी पेटी नाही, वेगळं शेत नाही, आणि गाण्यावर कुणाचं नाव नाही. गाणं आम्ही रचत नाही, ते मिळतं. कणीक मळताना मिळतं, गाईचं दूध काढताना मिळतं. ज्याला मिळालं त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्यांना शिकवायचं, की झालं ते सगळ्यांचं. छापलेल्या पुस्तकात नुसते शब्द असतात. चाल एकीच्या तोंडून दुसरीच्या तोंडी जाते.

बियाचं गाणं जेरूशाताईंना बियांच्या खोलीत मिळालं. त्या गाजराचं बी पाकिटांत भरत होत्या आणि नऊ वर्षांची फिलिंडा पाकिटांना खळ लावत होती. फिलिंडा सहा वर्षांची असताना तिचे आईबाप साथीत गेले आणि तिचा मामा तिला आमच्या दारात सोडून गेला. जेरूशाताईंनीच तिला वाढवलं. हे गाणं पहिल्यांदा शिकली तीसुद्धा तीच.

एका पोत्यातलं बी मी, मला वेगळं नाव नको,
जिथे पेराल तिथे उगवेन, मला वेगळं गाव नको.
हात रिकामे, पाय मोकळे, माझं-तुझं हा भाव नको,
सर्वांआधी, सर्वांवरती, असा मला ठाव नको.

एवढंच गाणं. पुढे ते छापील पुस्तकात गेलं, अमेरिकेच्या एका टोकाला मेन राज्यातल्या आमच्या लोकांपासून केंटकीतल्या लोकांपर्यंत पोचलं. फिलिंडा एकोणीस वर्षांची झाली आणि घड्याळं विकत फिरणाऱ्या एका माणसाबरोबर निघून गेली. जाताना गाण्याचं पुस्तक घेऊन गेली. जेरूशाताईंनी तिची खुर्ची, रिकाम्या खुर्च्या आम्ही टांगतो तशी, भिंतीवरच्या खुंटीला टांगली आणि त्या कामाला लागल्या.

त्याला तीन वर्षं झाली. अठराशे सत्तेचाळीस सालचा मार्च महिना होता. मी तेव्हा चोवीस वर्षांची. शहर आमच्यापासून नऊ मैलांवर. बियांच्या पेट्या आणि झाडू घेऊन जेरूशाताई, मी आणि अझारियाभाऊ असे तिघं गेलो होतो. अझारियाभाऊ गाडी हाकायचे, भिडस्त माणूस, घोड्याशीसुद्धा हळू बोलायचे.

पोमरॉय नावाचा दुकानदार दरवर्षी आमच्याकडून बी घ्यायचा. त्याने पेटी उघडली, पाकिटं पाहिली आणि हसत म्हणाला, "काय बाई, आज तीनच्या खेळात तुम्हीच का?"

"कसला खेळ?" मी विचारलं.

त्याने खिडकीतल्या मोठ्या कागदाकडे बोट केलं. कागदावर टोप्या घातलेल्या बायका भोवऱ्यासारख्या गिरक्या घेत होत्या. खाली लिहिलं होतं, शेकरांचे खरेखुरे नाच आणि गाणी, त्यांच्यातून सुटून आलेल्यांकडून.

"गावातली पोरंटोरं सगळी म्हणतात ते गाणं," पोमरॉय म्हणाला. त्याने दोन्ही हात हलवत चाल धरली. "एका पोत्यातलं बी मी... लग्न न करणाऱ्यांचं बी. आता हसू येणारच की माणसाला. रागावू नका हं."

अझारियाभाऊंचे कान लाल झाले. जेरूशाताईंनी पेटीचं झाकण लावलं. चाल बरोबर होती. तिसऱ्या ओळीत आवाज थोडा खाली उतरतो, ती जागासुद्धा पोमरॉयने घेतली होती. छापलेल्या पुस्तकातून ती कुणाला मिळाली नसती. ती शिकवणारी बाई एकच असू शकत होती.

"अझारियाभाऊ, घोड्याला पाणी दाखवा," जेरूशाताई म्हणाल्या. "आम्ही येतो जाऊन."

"कुठे जाताय?"

"तिथे."

"ताई, नाटकगृहात? नियमात बसत नाही हे."

"नियम मला पाठ आहेत. तुम्ही पाळण्यात होतात तेव्हापासून." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "इलेक्टा, तुला यायचं नसेल तर इथेच थांब."

बाईने शहरात एकटीने फिरायचं नाही, हाही नियमच. मी त्यांच्यामागून निघाले ते तो नियम पाळायला, असं मी स्वतःला सांगितलं.

दारावरच्या माणसाने आमच्या टोप्या, खांद्यावरचे पांढरे रुमाल पाहिले आणि खेकसला, "किती उशीर? पोशाखवाल्यांनी मागच्या दाराने जायचं, रोज सांगायचं का?" जेरूशाताईंनी त्याला "बरं" म्हटलं आणि आम्ही मागच्या दाराने आत गेलो.

आत तेलाचा धूर आणि पावडरीचा वास. सहा-सात बाया-माणसं आमच्यासारखे कपडे चढवत होती. आमच्यासारखे म्हणजे लांबून बघणाऱ्याला. एका पेटीवर बसून फिलिंडा बुटाची नाडी बांधत होती. तिने वर पाहिलं आणि नाडी तिच्या हातातच राहिली.

जेरूशाताईंनी आधी तिच्या टोपीकडे पाहिलं. "ही शिवण कुणी घातली?"

"इथल्या शिंप्याने." फिलिंडा उठून उभी राहिली. "बसा ना. तुम्हाला बसायला देण्यासारखं काही नाही इथे, पण बसा."

तिने आयुष्यात कधी ताईंना 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. ताईंच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. मला मात्र ते कानात मारल्यासारखं लागलं.

"नवरा कुठे आहे तुझा?"

"ओहायोत असेल. नाहीतर तुरुंगात. दीड वर्ष झालं."

"मग परत का नाही आलीस?"

"आणि काय केलं असतं? गुडघ्यावर बसून सगळं सांगितलं असतं, नि तुम्ही सगळ्यांनी ऐकलं असतं?" फिलिंडाचा आवाज चढला. "मला येतं काय हो? बी पाकिटात भरणं, झाडू बांधणं आणि गाणं. बी तुमचं, झाडू तुमचे. गाणं तेवढं माझ्याबरोबर बाहेर पडलं. त्याच्यावर जेवते मी. तुम्हाला लाज वाटत असेल तर वाटू दे. मला भूक लागते."

तेवढ्यात खेळाचा मालक आला. ट्रिप त्याचं नाव. दिसायला वाईट नव्हता, बोलायला गोड, दाताखाली सारखी लवंग. आम्ही कोण ते त्याच्या लगेच लक्षात आलं आणि त्याने वाकून नमस्कार केला.

"भांडायला आला असाल तर आधीच सांगतो," तो म्हणाला. "पुस्तक माझ्याकडे आहे. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहिलं. एकाही गाण्यावर नाव नाही. म्हणजे ही गाणी कुणाचीच नाहीत."

"सगळ्यांची आहेत," जेरूशाताई म्हणाल्या.

"छान. मग माझीसुद्धा."

मला वाटलं, आता ताई अडकल्या. "होय," त्या म्हणाल्या. "तुमचंसुद्धा आहे. मग नीट म्हणा."

"म्हणजे?"

"तुमचं आहे ना? आपल्या वस्तूची कुणी अशी माती करत नाही. कसं म्हणायचं ते दाखवते."

ट्रिपने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे. बाहेर लोक पाय आपटत होते. खरीखुरी शेकरीण, तीही स्वतःच्या पायांनी चालत आलेली. त्याचे डोळे चमकले. "या," तो म्हणाला. "या ना. तुमचंच घर आहे."

पडदा वर गेला तेव्हा मी बाजूला, दोऱ्यांच्या मागे उभी होते. फिलिंडा आणि दुसऱ्या तिघी बायका आधी गिरक्या घेत गेल्या. त्यांच्यामागून जेरूशाताई चालत गेल्या, उजवा पाय पुढे टाकून, जसं आम्ही उपासनेला जातो तसं. पन्नाशीच्या, उंच, हाडापेराने मोठ्या. लोकांना वाटलं हा नवा विदूषक. हास्याचा मोठा लोट आला.

कोपऱ्यात एक माणूस फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवत होता. ताई त्याच्याजवळ गेल्या. "ते खाली ठेवा. या गाण्याला लागत नाही ते." त्याने ट्रिपकडे पाहिलं, मग ताईंकडे, आणि मुकाट्याने फिडल मांडीवर ठेवलं.

मग त्यांनी दोन्ही हात पुढे केले, तळवे वर, आणि गायला सुरुवात केली. "एका पोत्यातलं बी मी," एवढं झालं आणि गॅलरीतून कुणीतरी एक घाण शब्द ओरडलं. सगळं नाटकगृह हसलं.

ताई थांबल्या. हसू ओसरेपर्यंत उभ्या राहिल्या. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

पुन्हा हसले. पुन्हा थांबल्या. पुन्हा पहिल्यापासून.

तिसऱ्या वेळी दुसऱ्या ओळीपर्यंत पोचल्या तेव्हा सफरचंदाचा चोथा येऊन त्यांच्या खांद्यावर लागला. त्या वाकल्या, चोथा उचलला आणि एप्रनच्या खिशात टाकला. आमच्याकडे जमिनीवर कचरा पडू देत नाहीत, बाकी त्यात काही नव्हतं. पण त्यावर लोक सगळ्यांत जास्त हसले. एक माणूस तर खुर्चीवरून घसरला. ताईंनी त्याला परत वर बसू दिलं. मग पहिल्यापासून.

ट्रिप आधी खूश होता. चौथ्या वेळी तो माझ्या कानाशी येऊन कुजबुजला, "पुढे काही आहे की नाही? पुढचा नाच कधी घ्यायचा?"

"गाणं पुरं झालं की," मी म्हणाले.

"आणि पुरं नाही झालं तर?"

मला उत्तर माहीत होतं. मी त्या बाईबरोबर नऊ वर्षं चरख्यावर बसले होते. एक गाठ राहिली तर अख्खी लड उलगडणारी बाई ती.

बाकीच्या तिघी कंटाळून मागे सरकल्या होत्या. फिलिंडा गिरकी घ्यायची थांबली होती. ती मध्येच उभी होती, हात लोंबकळत, त्या वाकड्या टोपीत. पाचव्या वेळी ताईंनी सुरुवात केली आणि फिलिंडाने त्यांच्या आवाजात आवाज घातला. वर नाही, खाली नाही, अगदी तोच सूर. आम्ही गातो तसा, चाळीस बायांचा एक आवाज. कुणीतरी ओरडलं, "ए फिली, फिरून दाखव." ती फिरली नाही. तिने तळवे वर केले.

मग मी गेले. मला कुणी ढकललं नाही, हे मुद्दाम सांगते, कारण नंतर मी वेगळं सांगितलं होतं.

सहाव्या वेळी गाणं शेवटपर्यंत गेलं. लोक बदलले, रडले, असलं काही मी सांगणार नाही. बरेच जण पैसे परत मागायला दाराकडे गेले होते. राहिलेल्यांत काही दमले होते, काहींना हसून हसून ठसका लागला होता. पण शेवटच्या दोन ओळींना नाटकगृहात आमचेच तीन आवाज होते. पुढच्या रांगेत एक बाई मांडीवरचं पोर हलवायची थांबली होती. गॅलरीतून एकजण म्हणाला, "अजून एकदा म्हणा, बाई." त्याच्या बोलण्यात टिंगल नव्हती.

"नाही," ताई म्हणाल्या. "झालं." आणि उजवा पाय पुढे टाकून आत आल्या.

ट्रिपचा जीव वर-खाली होत होता. दाराशी भांडणं चालली होती, तरी त्याचं डोकं चालूच. "बाई," तो म्हणाला, "हे रोज करता येईल का?"

"रोजच करतो आम्ही," ताई म्हणाल्या. "तुम्ही तिथे नसता एवढंच."

फिलिंडाने टोपी काढून हातात घेतली होती. ताईंनी ती तिच्याकडून घेतली, उलटी केली, शिवण पाहिली. "घरी चल," त्या म्हणाल्या.

"नाही गं, ताई." आता 'तुम्ही' गेलं होतं. "मी परत येणार नाही. तुझ्यावर राग आहे म्हणून नाही. मला तिथे राहवत नव्हतं, आताही राहवणार नाही. तू मला तसं नको बघू."

"कसं बघते?"

"पाकिटातून सांडलेल्या बियासारखं."

ताईंनी टोपी तिच्या हातात परत दिली. "मग जिथे आहेस तिथे नीट म्हण," त्या म्हणाल्या. फिलिंडाने मान हलवली. आठवड्याभरात ट्रिपने तिला काढून टाकलं, कारण ती गिरक्या घेईना. ती लोवेलला कापडाच्या गिरणीत लागली. दोन पत्रं आली तिची. ती कधीच परत आली नाही.

परतीच्या वाटेवर चार मैल अझारियाभाऊ घोड्याशीच बोलत राहिले. मग म्हणाले, "थोरल्या बाईंनी विचारलं तर मला खोटं सांगता यायचं नाही."

"कुणी सांगितलंय खोटं बोलायला?" जेरूशाताई म्हणाल्या आणि ब्राऊन ब्रेडचा तुकडा मोडून त्यांना दिला.

थोरल्या बाई म्हणजे टॅबिथाबाई, आमच्या बायकांच्या प्रमुख. आमच्यात चूक झाली की त्यांच्यासमोर बसून कबूल करायची, म्हणजे मन हलकं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला आधी बोलावलं. मी सगळं सांगितलं, आणि रडत रडत म्हणाले की मला ताईंनी नेलं, माझा नाइलाज झाला. त्यांनी मला माफ केलं. मी बाहेर आले तेव्हा ताई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "नाक पूस," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. दार उघडं राहिलं होतं.

"बोल, जेरूशा."

"शनिवारी मी ॲपल-पायचे दोन तुकडे खाल्ले. सिस्टर लोव्हिनाच्या विणकामाला मनात नावं ठेवली. पहाटेच्या घंटेला दोनदा उशिरा उठले."

"आणि?"

"आणि काही नाही."

"नाटकगृहात गेलीस. देवाचं गाणं जगासमोर टाकलंस. ते त्यांच्या तोंडात जाऊन उष्टं झालं."

"ते आधीच झालं होतं. मी ते तिथे जाऊन धुतलं."

"ती कबुली आहे का?"

"नाही, बाई. ते झालं तसं सांगितलं. कबुली चुकीची देतात. इथे चूक झाली असती तर मी तुमच्या आधी गुडघ्यावर बसले असते."

टॅबिथाबाई वाईट नव्हत्या. पंचवीस वर्षं त्यांनी आम्हा सगळ्यांचा भार उचलला होता, आणि नियम सैल झाले की गावं मोडतात हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी ठरवलं, कबुली मिळेपर्यंत जेरूशाने उपासनेच्या ओळीत उभं राहायचं नाही. भिंतीकडच्या बाकावर बसायचं. आणि ते गाणं म्हणायचं नाही. त्याच वर्षी आमचं नवं पुस्तक छापायला जायचं होतं, त्यातून ते गाळायचं. प्रत्येकीकडे हाताने उतरवलेलं गाण्यांचं वही-पुस्तक असे. त्यातल्या त्या पानावर कागद चिकटवायचा. माझं अक्षर चांगलं, हात स्वच्छ, म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

मी टेबलावर खळ आणि कागदाच्या पट्ट्या मांडून बसले. चाळीस बायका होत्या. पहिल्या दिवशी दोन पुस्तकं आली. दुसऱ्या दिवशी एकही नाही. लोव्हिना म्हणाली तिचं पुस्तक कुठे ठेवलंय ते आठवत नाही. जिच्या खणात सुया आकाराप्रमाणे लावलेल्या, ती. दुसरी म्हणाली पुस्तक ओलं झालंय, वाळलं की आणते. तिसरीने सरळ सांगितलं, "माझ्या पुस्तकाला खळीचा वास सहन होत नाही."

चौथ्या दिवशी म्हातारी मेहिताबेल काठी टेकत आली. ऐंशीच्या पुढे वय, वाचता कधी येतच नव्हतं. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली, टोपी मागे सारली आणि कपाळ पुढे केलं.

"चिकटव," ती म्हणाली.

"काय आजी?"

"माझं पुस्तक इथे आहे. लाव तुझा कागद. जास्त खळ घे, मला घाम फार येतो."

मी खळीचं भांडं घेतलं, थोरल्या बाईंच्या खोलीत गेले आणि त्यांच्या टेबलावर ठेवलं. "हे काम मला होणार नाही," मी म्हणाले. "आणि मला नेलं म्हणून मी गेले, हे मी खोटं सांगितलं. मी माझी गेले. मीसुद्धा गायले. नाटकगृहात गेल्याची कबुली मी परत घेते."

"कबुली परत घेता येत नाही, इलेक्टा."

"मग मलासुद्धा बाकावर बसवा."

त्यांनी मला बसवलं. एप्रिलपासून त्या बाकावर आम्ही दोघी होतो. रविवारी बाहेरचे लोक आमचा फेर बघायला यायचे, त्यांना कुणीतरी आम्हाला मुद्दाम दाखवायचं, या शिक्षा झालेल्या म्हणून. जेरूशाताई ताठ बसायच्या. ओळीतलं प्रत्येक गाणं त्या बाकावरून म्हणायच्या, सगळ्यांच्या सुरात. त्याला मनाई कुणी केली नव्हती. कबुली द्यायला दर महिन्याला बोलावणं यायचं आणि दर महिन्याला त्या ॲपल-पाय, विणकाम, घंटा हेच सांगून यायच्या.

ऑक्टोबरात, सफरचंदं सुकवून झाल्यावर, एका रविवारी उपासना सुरू व्हायच्या आधी थोरल्या बाई बाकापाशी आल्या. "उठा दोघी. ओळीत या."

"मी कबुली दिलेली नाही," जेरूशाताई म्हणाल्या.

"ठाऊक आहे. मी बहिरी नाही."

"पुढच्या महिन्यातही देणार नाही."

"उभी राहा गं आता. तुझ्याविना तिसरी ओळ वाकडी चालते आणि लोव्हिनाचा सूर चढतो. मला रोज ऐकावं लागतं ते."

आम्ही उठलो. इतक्या महिन्यांनी पाय टाकताना माझी दोन पावलं चुकली. ताईंचं एकही नाही.

पुढच्या वसंतात नवं पुस्तक छापून आलं. बियाचं गाणं त्यात नव्हतं. टॅबिथाबाईंनी स्वतः वर बियांच्या खोलीत येऊन एक प्रत ताईंच्या हातात दिली. ताईंनी उभ्याउभ्या पानं उलटली, सावकाश, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

"गाळलंत तर," त्या म्हणाल्या.

"गाळलं."

"म्हणायचं थांबणार नाही आम्ही."

"मी पुस्तक द्यायला आलेय," टॅबिथाबाई म्हणाल्या. "थांबवायला आले असते तर काठी घेऊन आले असते."

त्या जिना उतरेपर्यंत ताई दारात उभ्या होत्या. मग त्यांनी खिडकी उघडली, गाजराच्या बियांचं पोतं पुढ्यात ओढलं, आणि खालच्या अंगणातसुद्धा ऐकू जाईल अशा आवाजात पहिली ओळ धरली. शेजारच्या खोलीतून लोव्हिनाने दुसरी उचलली.